कार्ड आहे, धान्य नाही

एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांत केशरी रेशनकार्ड असते. दोन्हींवर तहसील कार्यालयाचा शिक्का, दोन्हींवर घरातल्या बाईचा फोटो. एका घराला दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते, दुसऱ्याला दाणाही मिळत नाही. दुसऱ्या घरातली बाई दुकानदाराला जाब विचारते. तो मशीनमध्ये तिचा नंबर टाकून दाखवतो आणि मशीन सांगते की या कार्डाला काही लागू नाही. दुकानदारानेच आपले धान्य खाल्ले, अशा समजुतीत ती परत येते. असे घडतही असते, पण पुष्कळदा कारण दुकानात नसतेच. ते तहसीलच्या पुरवठा शाखेत असते, आणि त्याच्याही मागे जायचे तर २०१३ सालच्या एका कायद्यात असते. कार्ड मिळाले म्हणजे धान्य सुरू झाले, हा महाराष्ट्रातल्या रेशनबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. कार्ड ही पहिली पायरी. कायद्याच्या यादीत नाव लागणे ही दुसरी, आणि दुकानातल्या मशीनने आपल्याला ओळखणे ही तिसरी. गरीब माणूस यांतल्या कोणत्या पायरीवर अडला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. तो फक्त ‘रेशन बंद आहे’ एवढेच म्हणतो.

कार्डाचे रंग आधी समजून घेऊ. पिवळे, केशरी आणि पांढरे ही व्यवस्था राज्यात १ मे १९९९ पासून आली. वर्षाचे उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला पिवळे. त्याच्या वर एक लाखापर्यंत केशरी. एक लाख किंवा अधिक असेल तर पांढरे. पिवळ्या कार्डाला आणखी अटी होत्या. घरात डॉक्टर, वकील, वास्तुविशारद किंवा सनदी लेखापाल नको, कोणी प्राप्तिकर किंवा व्यवसाय कर भरणारे नको, चारचाकी नको, घरी टेलिफोन नको. जिरायत जमीन दोन हेक्टरच्या आत हवी. अवर्षणप्रवण तालुक्यांत ही मर्यादा दुप्पट. टेलिफोन ही सुबत्तेची खूण होती त्या काळातल्या या अटी आहेत, हे वाचतानाच कळते. केशरी कार्डासाठी चारचाकी नसावी आणि चार हेक्टर किंवा अधिक बागायत नसावी, अशी अट होती. टॅक्सीचालकाची टॅक्सी त्यातून वगळली होती.

पुढे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. हा कायदा रंग ओळखत नाही. त्याच्या लेखी कुटुंबे दोनच प्रकारची: अंत्योदय आणि प्राधान्य. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसे कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. कायद्यातला दर तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ आणि भरडधान्याला १ रुपया किलो असा होता. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफतच राहील असे केंद्राने ठरवले. म्हणजे या दोन याद्यांत असलेल्या घराकडून दुकानदाराने धान्याचा एक रुपयाही घेऊ नये.

नवा कायदा जुन्या रंगांवर बसवताना केशरी कार्डाचे दोन भाग झाले. १७ डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयाने केशरी कार्डधारकांपैकी ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे प्राधान्य यादीत घ्यायचे ठरले. त्यांच्या कार्डांवर तसा शिक्का पडला. बाकीच्यांची केशरी कार्डे तशीच राहिली. रंग तोच, प्राधान्याचा शिक्का नाही, म्हणून धान्य नाही. सुरुवातीच्या दोन घरांमधला फरक एवढाच आहे. त्या बाईला कोणी कार्ड उघडून हा शिक्का नसल्याचे दाखवले असते, तर तिचा जाब दुकानदाराऐवजी पुरवठा शाखेकडे गेला असता आणि तिथे तो विचारण्यात काही अर्थही होता.

हे उत्पन्नाचे आकडे नीट तपासून पाहावेत असे आहेत. रोजगार हमीवर २०२४-२५ साली महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. या दराने घरातल्या एकाच माणसाला वर्षात १४९ दिवस काम मिळाले, तरी त्याची कमाई ४४,००० च्या वर जाते. नवरा-बायको दोघेही शेतमजुरीला जात असतील, तर दोघांना मिळून तेवढे दिवस काम सहज होते. म्हणजे वर्षाचे निम्मे दिवसही काम न मिळालेले जोडपे कागदावर या मर्यादेच्या बाहेर पडू शकते. माझे स्पष्ट मत आहे की २०१३ साली आखलेली ही रेषा आजच्या मजुरीच्या आणि महागाईच्या काळात गरिबी मोजण्याच्या लायकीची नाही. आणि जी रेषा प्रामाणिकपणे पाळताच येत नाही, ती माणसाला खोटे लिहायला लावते. उत्पन्नाचा दाखला काढताना अनेक घरांना ‘किती सांगू’ असे विचारावे लागते, हा त्या माणसांचा अपमान आहे.

पण उत्पन्न बसले, दाखला मिळाला, तरी नाव लागेलच असे नाही. इथे पुरवठा खात्यातला एक शब्द कळायलाच हवा: इष्टांक. अन्न सुरक्षा कायद्याने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येच्या जास्तीत जास्त ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला. प्रत्येक राज्याचा वाटा वेगळा काढला. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के आले, म्हणजे सुमारे ७ कोटी माणसे. ही संख्या मग जिल्ह्यांना, तिथून तालुक्यांना वाटून दिली जाते. तोच त्या तालुक्याचा इष्टांक. तो भरला की नवा अर्ज कितीही पात्र असला तरी तो थांबतो. एसटीच्या गाडीत बाक मोजके असावेत आणि कोणी उतरल्याशिवाय नव्याला बसता येऊ नये, तसे हे आहे. जागा रिकामी होते ती कोणी मेले, लग्न होऊन दुसरीकडे गेले, किंवा तपासणीत अपात्र ठरले तर.

यात आणखी एक गाठ आहे. ही टक्केवारी ताज्या प्रसिद्ध जनगणनेवर लावायची, असे कायद्याच्या ९ व्या कलमात आहे. कायदा झाला तेव्हा ताजी जनगणना २०११ ची होती आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे लोकसंख्या वाढली, कुटुंबे फुटून नवी झाली, गावे शहरांत शिरली, पण यादीतल्या माणसांची संख्या २०११ च्या हिशोबावर खिळून राहिली. स्थलांतरित मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमका याच मुद्द्यावर हात घातला. ई-श्रम पोर्टलवर नोंद असलेल्या पण रेशनकार्ड नसलेल्या सुमारे ८ कोटी मजुरांना कार्डे द्या, असे न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये पुन्हा बजावले. ज्या मजुराची ई-श्रमवर नोंद आहे, त्याने अर्जासोबत तो क्रमांक जरूर जोडावा.

म्हणून पुरवठा शाखेत गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न असा: माझे कार्ड कोणत्या योजनेत आहे, आणि प्राधान्यात नसेल तर आमच्या तालुक्यात इष्टांक शिल्लक आहे का? शिल्लक नसेल तरीही अर्ज द्यावाच. तोंडी विचारून परत आलेल्या माणसाची गरज कुठल्याच कागदावर उमटत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत २०१५ पासून अशा कुटुंबांना प्राधान्यासारखेच स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँकेत जमा करायचे ठरले, पुढच्या वर्षी ते १७० झाले. पाच किलो धान्य बाजारात घ्यायला गेले तर या पैशात काय येते, ते कोणत्याही किराणा दुकानात कळते.

अंत्योदयाचा हिशोब मात्र समजून घेण्यासारखा आहे. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, गरिबांतल्याही गरिबांसाठी. भूमिहीन मजूर, अल्पभूधारक, कुंभार, चांभार, विणकर, लोहार, सुतार असे गावातले कारागीर, हातगाडीवाले, कचरावेचक, विधवा, अपंग, दुर्धर आजारी आणि ज्यांना पाहायला कोणी नाही असे साठीपुढचे लोक तिच्या निकषांत आहेत. आदिम जमातींची सर्व कुटुंबेही आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या त्या तीन जमाती. ३५ किलो घराला मिळत असल्याने एकट्या म्हातारीला हे कार्ड म्हणजे मोठा आधार असतो. प्राधान्यात तिला पाचच किलो मिळाले असते. सात माणसांच्या घरात दोन्हींचा हिशोब सारखाच येतो आणि आठव्या माणसापासून अंत्योदय तोट्याचे ठरते. मोठे कातकरी कुटुंब अंत्योदयात असेल आणि मुलांची लग्ने होऊन चुली वेगळ्या झाल्या असतील, तर प्रत्येक चुलीचे वेगळे कार्ड मागणे हाच त्यांच्या फायद्याचा मार्ग आहे.

चूल हा रेशनचा खरा आधार आहे. एक चूल, एक कुटुंब, एक कार्ड. अर्जाची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. नवे कार्ड हवे तर नमुना १ भरायचा, नाव वाढवायचे तर नमुना ८, कमी करायचे तर नमुना ९. गावात तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालय, पुण्यात परिमंडळ कार्यालय ही ती ठिकाणे. ऑनलाइन अर्ज महाफूडच्या संकेतस्थळावर करता येतो आणि आता कार्डही ई-शिधापत्रिका म्हणून मिळते. तिच्यावरचा बारा आकडी एसआरसी क्रमांक २७ ने सुरू होतो. २७ हा महाराष्ट्राचा संकेतांक. तो क्रमांक पाठ नसेल तर भिंतीवर लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक कामात पहिल्यांदा तोच विचारतात.

कागदांत सर्वांचे आधार, राहण्याचा पुरावा (वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार), उत्पन्नाचा दाखला, कुटुंबप्रमुखाचा फोटो. हे जमवता येते. अडतो तो एकच कागद: जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. मुलगी लग्न होऊन सासरी आली की माहेरच्या कार्डातून तिचे नाव काढून तो दाखला आणावा लागतो, मगच सासरच्या कार्डात ती येते. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर भाडे, मजुरी आणि हेलपाटे. कित्येक सुना लग्नानंतर वर्षानुवर्षे कोणत्याच चुलीच्या धान्यात नसतात. माहेरचे नाव तसेच, सासरी नाव नाही. लग्नाच्या धामधुमीत वधूपित्याने नमुना ९ चा एक अर्ज द्यायचे लक्षात ठेवले, तर पोरीची पुढची पुष्कळ वणवण वाचेल.

याहून बिकट अवस्था टाकलेल्या बायकांची. नवऱ्याने घराबाहेर काढले, ती दोन लेकरे घेऊन भावाकडे आली किंवा झोपडे बांधून राहिली. तिचे आणि मुलांचे आधार सासरच्या कार्डाला जोडलेले. सासरची माणसे नाव कमी करायला राजी नसतात, कारण प्रत्येक नावामागे पाच किलो येते. एकाच आधारवर दोन कार्डे होत नाहीत, म्हणून तिचा अर्ज यंत्रणाच परत पाठवते. अशा वेळी तिने सासरच्यांची मनधरणी करत बसू नये. ती वेगळी राहते हे सांगणारा पंचनामा, ग्रामपंचायतीचा किंवा नगरसेवकाचा दाखला, पोलिसांत किंवा कोर्टात काही असेल तर त्याची प्रत, हे सगळे जोडून तहसीलदाराकडे अर्ज करावा आणि चौकशी करून नाव वेगळे करण्याची मागणी करावी. नाव घटवण्याचा अधिकार कार्यालयाचा आहे, सासऱ्याचा नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमाने घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच कुटुंबप्रमुख मानली आहे. या कलमाचा उपयोग सर्वांत जास्त ज्या बाईला व्हायला हवा, तिलाच एका दाखल्यासाठी रडवले जाते. पुरवठा शाखेतल्या संवेदनशील कर्मचाऱ्यांनी मनावर घेतले, तर हे अर्ज भराभर मार्गी लागतात.

अर्ज दिला की पोच घ्यायची. तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच, किंवा ऑनलाइन अर्जाचा क्रमांक. ‘ठेवून जा, बघतो’ यावर विसंबून घरी येऊ नये. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे. आणि हेही सांगितले पाहिजे की या कामासाठी कोणा मध्यस्थाला हजार-दोन हजार देण्याची गरज नसते. इष्टांक भरला असेल तर मध्यस्थही जागा निर्माण करू शकत नाही.

तिसरी पायरी मशीनची. दुकानात ई-पॉसवर अंगठा जुळला की धान्य मिळते. विटा वाहणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, आणि ज्यांना धान्य सर्वांत जास्त हवे त्यांचेच अंगठे जुळत नाहीत. आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्याच कारणाने पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नका, नाव काढू नका, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले आहे. दुकानदार ‘अंगठा लागत नाही, पुढच्या महिन्यात या’ म्हणाला, तर घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा लावून पाहावा. एकटे, अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर त्याच्या वतीने धान्य आणायला दुसरी व्यक्ती नेमून देण्याची मागणी पुरवठा शाखेत करावी. कार्डातल्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, ही वेगळी गोष्ट. ती दुकानातल्या मशीनवर होते, आणि अंगठा जमत नसेल तर ‘मेरा ई-केवायसी’ अॅपवर चेहरा दाखवूनही होते. मुंबईत कामाला गेलेल्या मुलाची केवायसी राहिली म्हणून त्याचे नाव गळायला नको. त्यासाठी त्याने गावी यायची गरज नाही, जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात ती होते.

कोणत्याही दुकानात धान्यही घेता येते, हे तर अजून अनेक मजुरांना माहीतच नाही. एक देश एक रेशनकार्ड या व्यवस्थेची पहिली चाचणी ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरातची जोडी होती. बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या फडावर गेलेले ऊसतोड कुटुंब तिथल्या दुकानात आपला क्रमांक सांगून धान्य घेऊ शकते. पूर्ण वाटा एकदम घ्यावा लागत नाही; तोडीवर गेलेल्यांनी थोडा तिथे उचलावा, गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांनी उरलेला इथे. अडचण येते ती साठ्याची. दुकानाचे नियतन, म्हणजे त्याला मिळणारा धान्यसाठा, मुख्यतः त्याच्या नेहमीच्या कार्डांवर ठरते, त्यामुळे तोडीच्या मोसमात बाहेरची कार्डे वाढली की दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो. मुकादमाने किंवा तिथल्या कार्यकर्त्याने मोसमाच्या सुरुवातीलाच तहसीलला कळवून जादा नियतन मागितले, तर हा प्रश्न सुटू शकतो. राज्यापुरत्या योजना मात्र या व्यवस्थेतून राज्याबाहेर मिळत नाहीत; सोबत जाते ते फक्त अन्न सुरक्षा कायद्याचे धान्य.

आणि हे सगळे करूनही धान्य मिळाले नाही तर? १९६७ ही हेल्पलाइन आहे. पण फोनपेक्षा लेखी तक्रारीला जोर असतो. कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे आणि त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. अधिकाऱ्याने सांगूनही कर्मचाऱ्याने सबळ कारणाशिवाय दिलासा दिला नाही, तर त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पात्र माणसाला धान्य पोचले नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता पैशाच्या रूपाने द्यावा, असे ८ वे कलम सांगते. तक्रार लांबलचक नसावी. एसआरसी क्रमांक, दुकानाचा क्रमांक, कोणत्या महिन्याचे किती किलो मिळाले नाही, दुकानदाराने काय कारण सांगितले, आणि आपल्याला काय हवे: राहिलेले धान्य की भत्ता. मशीनची पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडावी. दुकानदार पावती देत नसेल तर तेही तक्रारीत लिहावे, कारण पावती हाती आली की मशीनवर किती किलो उचलले गेले आणि पिशवीत किती पडले यांचा हिशोब लावता येतो.